बॅज खोलीत राहिला होता

दवाखान्यातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या स्टोअर रूममध्ये जुन्या एक्स-रे फिल्मचे गठ्ठे पडलेत, तसंच. टाकायला म्हणून काढलेली फिल्म आपण आधी उजेडाला धरतो, "अगं बाई, हा तर तो मोडक्या खुब्याचा आजोबा!" म्हणतो आणि परत जागेवर ठेवतो. आम्ही जुनी माणसं चहाला बसलो की हेच. कुणीतरी म्हणायचं, "ते गोंड्याचं प्रकरण आठवतंय काय?" आणि झालं, चहा गार!

मी वंदना. माहेर कुरुंदवाड, नोकरी कोल्हापुरात, हृदयाच्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही. निम्मं आयुष्य शिशाच्या दरवाजामागं गेलं माझं. लोकांना वाटतं, एक्स-रेवाल्यांना माणसाच्या आतलं दिसतं. कसलं आतलं! बरगड्या दिसतात बरगड्या.

पूर्वी हे किस्से सांगताना मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आता सांगते, पण मधेच कुठंतरी जीव थोडा थोडा होतो.

*

आधी बॅज म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाया.

काडेपेटीएवढा प्लॅस्टिकचा डबा असतो. किरणांत काम करणाऱ्या प्रत्येकानं तो छातीवर लावायचा, शिशाच्या एप्रनच्या आत. तो किरण अडवत नाही, नुसता मोजतो. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज मुंबईच्या लॅबला जातात, आणि कुणाला किती डोस लागला ते तिथून कळतं. गोळा करून पाठवायचं काम माझ्याकडं. एखाद्याचा आकडा मर्यादेच्या वर गेला, तर मालकानं चौकशी करायची, का गेला ते शोधायचं आणि खरं काय ते वर कळवायचं. तोपर्यंत त्या माणसाला किरणांपासून लांब ठेवायचं. हे मालकाचं काम आहे, बरं का. टेक्निशियनचं नाही आणि देवाचं तर नाहीच.

तर आमचा अमोल. राधानगरीच्या पलीकडच्या वाडीतला, कॅथलॅबचा टेक्निशियन. कामाला वाघ आणि बोलायला त्याहून जोरात. तो मुलगी बघायला कसबा बावड्यात गेला, तेव्हा इस्त्रीच्या शर्टावर हा बॅज लावून गेला. का? तर म्हणे वजन पडतं!

वजन पडलंच. पोह्यांची डिश हातात देता देता मुलीच्या वडलांनी विचारलं, "पावणं, ह्यो बिल्ला कसला?"

"किरणांचा हिशोब हुतो ह्यात. मुंबईला जातो."

"म्हंजे सरकारी?"

"तसंच म्हणा की."

"मुंबईला कोण जातं? तुमी?"

"न्हाय, बिल्ला जातो. मी हितंच असतो."

म्हातारा चांगला साखर कारखान्यात घासून निघालेला. पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला, "म्हंजे बिल्ला सरकारी हाय, तुमी न्हाय!"

पण मुलगी दिली हो! अमोल हे सांगताना स्वतःच सगळ्यात जास्त हसायचा. लग्नात आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या फेट्याला बॅज लावायचा डाव केला होता, मुल्लामामांनी अडवलं. मुल्लामामा म्हणजे आमच्यातले सगळ्यात सिनियर, डार्करूमच्या जमान्यापासूनचे. म्हणाले, "नको रं. लग्नाचा डोस मर्यादेच्या बाहेर असतो, मुंबईवालं चौकशी लावतील."

*

आता गोंड्याचं प्रकरण.

कॅथलॅब म्हणजे हृदयाच्या बंद झालेल्या नळ्या उघडतात ती खोली. आम्ही एक्स-रेवाले भिंतीमागं उभं राहून बटण दाबतो. कॅथलॅबमध्ये ती सोय नाही. पेशंट टेबलावर, टेबलाला चिकटून डॉक्टर, डॉक्टरांच्या मागं टेक्निशियन, आणि किरण चालू. म्हणून टेबलाच्या कडेला शिशाचा जाड पडदा लोंबता असतो, खालून येणारे किरण अडवायला.

तो पडदा एकदा वरच्या बाजूनं टराटरा फाटला. नवीन मागवायचा तर कंपनी परदेशातली. आमचे मॅनेजर निकम म्हणजे काटकसरीचा पुतळा. म्हणाले, "कोल्हापुरात बसून शिवणकामाला परदेशात जायचं? चेष्टा आहे काय!" आणि पडदा गेला चपलांच्या कारागिराकडं.

कारागीर तरी बिचारा काय करणार? त्यानं आयुष्यभर म्हशीचं कातडं शिवलेलं. पडदा हातात घेऊन म्हणाला म्हणे, "लई जड हाय. कुठल्या जनावराचं हे? गेंड्याचं काय?"

चार दिवसांनी पडदा आला. काय तो देखणा! कडेनं दुहेरी टाका, वर वेणीची पट्टी, आणि दोन्ही टोकांना लाल गोंडे! पाय घालून चालायचंच काय ते बाकी होतं.

मी तो किरणांखाली धरून बघितला, तशी पद्धतच असते. स्क्रीनवर टाक्याटाक्याचं भोक लखलखत होतं. चाळणी झालेली सगळी. अमोल म्हणाला, "ताई, दिवाळीची माळ दिसत्या!"

मोठे सर, म्हणजे आमचे हृदयाचे डॉक्टर आणि हॉस्पिटलचे मालक, ते पण पोट धरून हसले. म्हणाले, "काढा हे, पायात येतंय. नवीन मागवू." निकमांनी मान हलवली. गोंड्यांचा पडदा स्टोअरमध्ये फिल्मच्या गठ्ठ्यांवर गेला आणि टेबल उघडंच राहिलं.

नवीन पडदा काही आला नाही. आज येतोय, उद्या येतोय म्हणता म्हणता तो आपण मागवायचा होता, हेच सगळे विसरले.

*

एकदा मुंबईहून फोन आला. मामांच्या बॅजवर एवढा डोस, की बाकी सगळ्यांची बेरीज करूनसुद्धा तेवढा होत नव्हता!

निकम धावत खाली आले. घाम फुटलेला. "कोण भाजलं? मामा कुठायत? मामांना धरा!"

मामा कँटीनमध्ये भडंग खात होते. निकमांनी त्यांचे हात बघितले, जीभ बघितली, केस ओढून बघितले. मामा म्हणाले, "साहेब, गाढव इकत घेताय का?"

चौकशी झाली, आणि खरंच झाली. मोठ्या सरांनी सगळ्यांना एकेकट्याला बोलावून विचारलं, मामांचं रक्त तपासायला पाठवलं. मग उलगडा झाला. मामांनी कोट छातीचा फोटो काढायच्या स्टँडशेजारी खिळ्याला अडकवला होता, बॅजसकट, आणि ते गेले होते मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर. जो पेशंट येईल त्याच्याबरोबर बॅजचा पण फोटो निघत होता!

"म्हंजे रजेवर मी, आन् कामावर माझा बॅज," मामा म्हणाले. "पगार त्येला द्या आता."

उत्तर गेलं: 'बॅज चुकून खोलीत राहिला होता.' मुंबईवाल्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, ते मानलं, आणि विषय संपला. खरं होतं म्हणून संपला. पण निकमांना वाटलं, त्या वाक्यातच काहीतरी जादू आहे.

*

ते वाक्य मग आमच्यात असं रुळलं की विचारू नका. कँटीनच्या आमटीत मीठ नसलं की आचारी आम्हाला बघूनच म्हणायचा, "मीठ खोलीत राहिलं!" एका डॉक्टरांच्या रिपोर्टात मूतखडा लिहायचा राहून गेला, तर मामा म्हणाले, "खडा खोलीत राहिला." मी एकदा धुण्याच्या नादात दूध उतू घालवलं. नवरा काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून निघालं, "लक्ष खोलीत राहिलं." त्या बिचाऱ्याला काही कळेना.

हसायला काय, फुकटचं असतं. पण पुढं पुढं निकमांनी ते वाक्य खरोखरच वापरायला काढलं. कुणाचा आकडा जरा वर गेला, की चौकशी नाही, विचारणं नाही, त्या माणसाला बोलावणंसुद्धा नाही. टायपिस्टला वरूनच ओरडायचे, "ते आपलं नेहमीचं टाक गं!"

मी एकदा गेले भांडायला. म्हटलं, "साहेब, आधी माणसाला विचारा तरी, बॅज कुठं होता."

"ताई," निकम म्हणाले, "तुम्ही छातीचे फोटो काढा. कागदाचे मी काढतो."

मी तणतणत खाली आले. भांडण तिथंच मिटलं, हेच वाईट झालं. मिटायला नको होतं.

*

कॅथलॅबच्या लोकांची तऱ्हा आणखी वेगळी.

तिथं आत जायच्या आधी हात धुवायचे असतात, म्हणून अंगठ्या, चेन, घड्याळ सगळं काढावं लागतं. कपडे बदलायच्या खोलीत दत्ताचा फोटो आहे. त्याच्याखाली एक खिळा. सगळ्यांचं सगळं त्या खिळ्याला. देवापाशी ठेवलेलं कुणी उचलत नाही, एवढी तरी भीती आहे अजून जगात.

कधीतरी त्या खिळ्याला बॅज पण लागायला लागले. पहिल्यांदा कुणी लावला, आठवत नाही. पण कारण सगळ्यांना माहीत होतं. कॅथलॅबमध्ये डोस जास्त. बॅज लावून आत गेलं तर आकडा चढणार, आकडा चढला की माणूस बाहेर बसणार. आणि अमोल बाहेर बसला, तर सरांच्या मागं उभं राहणार कोण? मग काय, बॅज दत्ताला आणि माणूस आत!

मामा मदतीला जायचे तेव्हा त्यांचाही तिथंच. मी म्हटलं, "मामा, तुमचा पण दत्तापाशी?"

"फोटो त्यांचा, ताई. खिळा सगळ्यांचा."

मला मात्र ते पटायचं नाही. मी कधीमधी आत गेले तर बॅज लावूनच जायची. आम्ही बौद्ध, म्हणून अमोल चिडवायचा, "ताईंच्यात देव न्हाईत, म्हणून खिळा चालत न्हाय!" मी म्हणायची, "आमच्यात देव नाहीत, म्हणून आम्ही आपलं आपण बघतो!"

रिपोर्ट आला. हॉस्पिटलमध्ये सगळ्यात कमी डोस कुणाला? कॅथलॅबला! निम्मा दिवस किरणांत उभी राहणारी माणसं, आणि त्यांच्या नावापुढं शून्य. निकमांनी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवून घेतल्या. "बघा! सेफ्टी म्हणतात ती ही!"

अमोल माझ्या कानात म्हणाला, "डोस सगळा दत्ताला लागतोय. तीन डोकी हाईत त्येंना, वाटून घेत्यात."

किती हसलो आम्ही त्या दिवशी.

*

अमोल सरांसाठी जीव टाकायचा, त्याला कारण होतं.

त्याच्या वडलांना एका पावसाळ्यात ॲटॅक आला. घाट, चिखल, वाटेत पडलेली झाडं. गावातल्या जीपमधून आणलं, तेव्हा म्हातारा निळा पडला होता. मोठे सर जेवायला बसलेले, तोंडात घास, तसेच उठले. हात धुवून आत गेले ते नळी उघडूनच बाहेर आले. अमोल त्या दिवशी स्वतःच्या बापाच्या टेबलाशी उभा होता, सरांच्या मागं.

म्हातारा अजून खुटखुटीत आहे. दर सुगीला सरांना तांदूळ घेऊन येतो. सर म्हणतात, "काका, भात खाऊन माझं पोट सुटलं, आता बास करा." म्हातारा म्हणतो, "पोट सुटू द्या. हात ठीक ऱ्हाऊ द्या."

असं नातं. त्यामुळं पुढचं सगळं अवघड झालं. सर वाईट माणूस असते, तर अमोलला किती सोपं गेलं असतं!

*

अमोलनं एक दिवस मला विचारलं, "ताई, ट्यूबलाइटभोवती धुकं दिसतंय काय तुमाला?"

"मला नाही दिसत. चष्मा लागला असेल तुला. जा, दाखवून ये."

तो गेला. डोळ्याच्या डॉक्टरांनी मोठा दिवा मारून बघितलं, परत बघितलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. अजून चाळिशी नाही गाठलेली पोरानं!

"शुगर आहे का?"

"न्हाय."

"मार लागला होता डोळ्याला?"

"न्हाय."

"मग उन्हात काम करता का?"

"न्हाय हो, एसीत करतो!"

हे त्यानं आम्हाला कँटीनमध्ये सांगितलं आणि सवयीनं आम्ही हसलो. अमोल हसला नाही. अमोल हसला नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. हळूहळू आमचंही हसणं थांबलं.

डोळ्यावर किरण पडून पडून मोतीबिंदू होतो, तो टाळायला शिशाच्या काचेचा चष्मा होता की हो कॅथलॅबमध्ये! एक होता. बाहेरून येणाऱ्या पाहुण्या डॉक्टरांसाठी कपाटात ठेवलेला, घरातल्या चांगल्या कपबश्यांसारखा.

दुसऱ्या दिवशी अमोलनं खिळ्यावरचा बॅज काढला आणि छातीवर लावला. मी म्हटलं, "आता कशाला रे?"

"बघायचंय, ताई. एकदा खरं बघायचंय. माझ्या नावावर काय हाय ते मला तरी कळू दे. उद्या दुसरा डोळा गेला तर कोण मानणार? माझ्या नावापुढं शून्य हाय."

एवढंच हवं होतं त्याला. त्याच्या नावापुढं खरा आकडा यावा, सरांनी तो वर कळवावा, आणि राहिलेला डोळा घेऊन त्याला बिनकिरणांचं एखादं काम मिळावं. काय चुकीचं होतं यात? सांगा की मला!

*

बॅज मुंबईला गेला, आणि फोन आला. आकडा मर्यादेच्या बाहेर. कॅथलॅब, अमोल.

निकम वरूनच ओरडले, "ते आपलं नेहमीचं टाक गं!"

या वेळी अमोल वर गेला. मी पण गेले त्याच्या मागोमाग. अमोल म्हणाला, "साहेब, बॅज खोलीत राहिला न्हवता. माझ्या छातीवर हुता."

"अरे मग तर आणखीनच अवघड!" निकम म्हणाले. हा माणूस काय बोलला, हे त्याचं त्याला तरी कळलं का?

सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. अमोलला बसायला सांगितलं, तो बसला नाही. सर ओरडले नाहीत, काही नाही. थकलेल्या आवाजात म्हणाले, "अमोल, खरं कळवलं तर मुंबईवाले येणार. पडदा नाही, चष्मे नाहीत, कॅथलॅबला कुलूप लावणार. महिना जाईल, दोन जातील. तेवढ्यात तुझ्या गावाकडून एखादी जीप आली, तर मी तिला काय सांगू? पुण्याला जा? घाट उतरायच्या आत माणूस जाईल."

अमोल खाली बघत राहिला. त्याच्या डोळ्यासमोर कुठली जीप आली असेल, ते मला सांगायला नको.

मी म्हटलं, "सर, पडदा बसवणं एका दुपारचं काम आहे."

"मागवलाय, वंदना."

"कधी?"

सरांनी निकमांचं उत्तर टाइप केलेला कागद उचलला, खिडकीकडं नेला, मान वाकडी करून उजव्या डोळ्याजवळ धरला आणि सही केली. मला वाटलं, लाजेनं तोंड फिरवलं. तेव्हा एवढंच वाटलं.

बाहेर आल्यावर अमोल म्हणाला, "जाऊ द्या, ताई. बाप दिलाय त्येंनी मला."

खरं सांगते, त्या दिवशी मला त्या वाक्याची शिसारी आली. आम्हीच चेष्टेत वाढवलेलं वाक्य! कँटीनचा आचारी दुपारी म्हणाला, "ताई, आज मीठ..." मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही.

*

पण अमोलनं बॅज काढला नाही. कुणाला काही न बोलता रोज लावत राहिला. तीन महिन्यांनी परत तोच प्रकार, आकडा आधीपेक्षा वर. निकमांनी परत तेच उत्तर पाठवलं. आणि या वेळी मुंबईहून कागद आला नाही, माणूसच आला.

एक मॅडम होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पायात साध्या सँडल, गळ्यात ओळखपत्र. निकमांनी सगळी तयारी केली होती. एप्रन धुतलेले, दारावरचा लाल दिवा नवा, भडंग, पेढे. मॅडमनी नुसतं पाणी घेतलं. टेबलाखाली वाकून बघितलं. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पडदा?"

"शिवायला दिलाय," निकम म्हणाले.

आदल्या दिवशी त्यांनी अमोलला केबिनमध्ये घेऊन पढवलं होतं. "जास्त बोलायचं नाही. एकच वाक्य. बॅज खोलीत राहिला होता. बास. सरांकडं बघ, तुझ्या वडलांकडं बघ आणि एवढंच म्हण."

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. मॅडम, निकम, मामा, मी. सर नुकतेच एक केस संपवून आलेले, कपाळावर टोपीचा वळ. अमोल भिंतीला टेकून, छातीवर बॅज, डाव्या डोळ्याला पट्टी. ऑपरेशन होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, फक्त मॅडम येणार म्हणून रजेवरून आला होता.

मॅडमनी दोन्ही उत्तरं समोर धरली. "अमोल, दोन्ही वेळा इथं एकच लिहिलंय. बॅज कॅथलॅबच्या खोलीत राहिला होता. हे खरं आहे?"

अमोलनं सरांकडं बघितलं. मग खाली बघितलं.

"व्हय मॅडम. खरं हाय. बॅज खोलीतच राहिला हुता."

निकमांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मामांनी माझं मनगट धरलं.

मॅडम लिहायला लागल्या. तेवढ्यात अमोल म्हणाला, "त्येच्या मागं मी हुतो."

पेन थांबलं. "कुणाच्या मागं?"

"बॅजच्या, मॅडम. बॅज हुता, त्येच्या मागं शर्ट, आन् शर्टात मी. दोन्ही टायमाला. रोज."

निकम काहीतरी बोलायला गेले. मॅडमनी त्यांच्याकडं न बघताच हात वर केला. अमोलला विचारलं, "आणि तुमच्या पुढं कोण असायचं?"

अमोलनं ओठ घट्ट मिटले. बापाविरुद्ध साक्ष द्यायला सांगितल्यासारखा उभा राहिला पोरगा. मला वाटलं, आता मीच ओरडून सांगावं.

"मी," मोठे सर म्हणाले. "त्याच्या पुढं मी असतो. किरणांच्या जास्त जवळ."

मॅडमनी त्यांच्याकडं वळून बघितलं. सर त्यांच्याकडं बघायचा प्रयत्न करत होते, मान वाकडी करून, उजव्या डोळ्यानं.

"डॉक्टर, तुमचा बॅज?"

सरांनी हात वर करून दत्ताच्या फोटोखालचा खिळा दाखवला.

"तिथं."